शितावरून भाताची परीक्षा : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें चरित्र

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास बसलें म्हणजे डोळ्यांपुढें बहुधा रणांगण गाजविणारे वीर, राज्यें चालविणारे मुत्सद्दी किंवा रसाळ कवि उभे राहतात. हातांत मोजणीची टेप व तागडी घेऊन शेताच्या बांधावर उभा राहिलेला मनुष्य या मालिकेंत बसूं शकेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि ज्याच्या मोजणीवर शेतकऱ्याला मिळणारा न्याय, व्यापाऱ्याची उलाढाल आणि कोट्यवधि लोकांच्या अन्नाची तरतूद अवलंबून असते, त्याची योग्यता सेनापतीपेक्षां कमी लेखण्याचें कारण नाहीं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे असे मोजणी करणारे पुरुष होते. त्यांचें चरित्र वऱ्हाडांतील विद्यार्थ्यांनीं तर अवश्य वाचावें. कारण ज्या विद्येला त्यांनीं आयुष्य वाहिलें, तिची एक मोठी कसोटी आपल्या अकोला जिल्ह्यांतील कपाशीच्या शेतांतच लागली.

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. स्वयंपाक करणारी माउली पातेल्यांतील एक शीत बोटांनीं चेपून पाहते आणि सारा भात शिजला कीं नाहीं हें निश्चित सांगते. एका शितावर तिचा एवढा विश्वास कां? पाणी व आंच सर्व भातास सारखी लागलेली असते, आणि वर-खालीं फरक असल्याची शंका आली तर ती तळाचें शीतहि काढून पाहते, म्हणून. परंतु कापसाच्या गाडीची परीक्षा अशी एका मुठीवर करून चालत नाहीं. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांतील जाणता खरेदीदार वरचा पांढराशुभ्र कापूस पाहून भुलत नाहीं. तो हात खोल खुपसून चार ठिकाणचा कापूस बाहेर काढतो. थोड्यावरून पुष्कळाचें अनुमान करावयाचें, पण तें थोडें कोठून व कसें घ्यावयाचें, हाच प्रश्न उभयतांपुढें असतो. माउली व खरेदीदार यांना जें अनुभवानें कळतें, त्यालाच नियम घालून देणारें शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र होय. आणि नमुना घेण्याच्या त्याच्या शाखेंत सुखात्मे यांनीं जगभर कीर्ति मिळविली.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. हा खटाव तालुक्याचा मुलूख पूर्वीपासून अवर्षणाचा. पाऊस दडी मारतो तेव्हां घरोघर काय गुजरतें, हें तेथील मुलांस पुस्तकांत वाचावें लागत नाहीं. पुढें ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत दाखल झाले व १९३२ सालीं गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीधर झाले. गणितांत प्रावीण्य मिळविलेल्या तरुणास त्या काळीं सरकारी नोकरी किंवा शिक्षकाचा पेशा हे मळलेले मार्ग मोकळे होते. सुखात्मे यांनीं तो मार्ग सोडला आणि १९३३ मध्यें ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत एका नव्या विद्येचा अभ्यास करण्यास गेले.

त्या वेळीं लंडनमध्यें या विद्येचे महारथी एकत्र जमले होते. कार्ल पिअर्सन यांचे पुत्र एगॉन पिअर्सन, पोलंडहून आलेले जर्झी नेमन आणि शेतीच्या प्रयोगांना शास्त्रीय शिस्त लावणारे रोनाल्ड फिशर हे तेथें शिकवीत व संशोधन करीत. या गुरुजनांचे आपसांत तीव्र मतभेद होते. तथापि सुखात्मे यांनीं प्रत्येकाकडून घेण्यासारखें तें घेतलें. अवघ्या चोविसाव्या वर्षीं, १९३५ सालीं, मोठ्या समूहांतून प्रतिनिधिक नमुना कसा निवडावा या विषयावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९३६ मध्यें त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच्. डी. व १९३९ मध्यें डी. एस्सी. या पदव्या मिळाल्या. स्वदेशीं परतल्यावर कांहीं काळ त्यांनीं कलकत्त्याच्या आरोग्यशास्त्राच्या अखिल भारतीय संस्थेंत अध्यापन केलें, आणि १९४० सालीं ते दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेच्या सेवेंत रुजू झाले. येथूनच त्यांच्या खऱ्या कार्यास प्रारंभ झाला.

तें कार्य समजण्यासाठीं त्या काळीं पिकाचा अंदाज कसा काढीत, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पेऱ्याखालील जमीन किती, हें पटवाऱ्याच्या कागदांवरून बरेंच अचूक कळत असे. परंतु एकरीं उत्पन्न किती, हें मात्र नजरेनें ठरविलें जाई. चांगल्या सालच्या पिकास सोळा आणे धरून यंदाचें पीक दहा आणे आहे कीं बारा आणे, असें गांवोगांव ठरवीत. हीच आणेवारी होय. पेऱ्याचे एकर, चांगल्या सालचा एकरीं उतारा व आणेवारी यांचा गुणाकार केला कीं जिल्ह्याचें पीक निघे. गुणाकारांत चूक नव्हती. चूक होती ती गुणकांत. चांगलें साल कोणतें, याविषयींच एकमत नसे. पाहणाऱ्याची नजर कितीहि मुरलेली असली, तरी गेल्या वर्षीच्या आठवणीचा, रस्त्याकडेच्या शेतांचा आणि वरिष्ठांच्या अपेक्षेचा तिच्यावर परिणाम झाल्यावांचून राहत नसे. आणेवारी कमी लागली तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी द्यावी लागणार, या जाणिवेनें कोणाचा हात आखडे, तर कोणाचा सैल सुटे.

वऱ्हाडांत या चुकीची किंमत फार मोठी होती. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हांपासून या प्रांताच्या काळ्या जमिनींतील कपाशीकडे साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. १८८६ मध्यें कारंजा येथें नियमांनीं बांधलेला कापसाचा बाजार उघडला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. बाजार शिस्तीचे झाले, वजनें-मापें सुधारलीं, अडत्याच्या दलालीस मर्यादा पडली. परंतु यंदा एकूण कापूस किती येणार, हा मूळचा प्रश्न नजरेवरच सोडलेला राहिला. अंदाज वाजवीपेक्षां जास्त निघाला तर भाव पडतात आणि गाडी घेऊन आलेला शेतकरी नाडला जातो. अंदाज कमी निघाला तर गिरणीवाल्याचे बेत चुकतात. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गांठी, गिरण्यांत खपलेला कापूस व परदेशीं गेलेला माल यांची बेरीज मांडली कीं ती सरकारी अंदाजाशीं जुळत नसे. खरें पीक अंदाजाहून अधिक असल्याचें वारंवार दिसून येई.

यावर उपाय म्हणून मध्यवर्ती कापूस समितीच्या वतीनें १९४२-४३ च्या हंगामांत अकोला जिल्ह्यांत एक नवा प्रयोग झाला. त्याचे सूत्रधार इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेंतील संख्याशास्त्रज्ञ विनायक गोविंद पानसे हे होते. वऱ्हाडच्या शेतीचे जाणकार रा. ज. कळमकर यांचें त्यांना साह्य होतें. पद्धति ऐकावयास सोपी होती. प्रथम जिल्ह्याचे भाग पाडावयाचे, म्हणजे कोणताहि प्रदेश वगळला जात नाहीं. मग प्रत्येक भागांतील गांवें चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें निवडावयाचीं. त्या गांवांतील कपाशीचीं शेतें तशींच निवडावयाचीं. आणि शेतांतील मोजणीचा तुकडाहि तशाच रीतीनें ठरवावयाचा. पाटलाचें शेत म्हणून घ्यावयाचें नाहीं, कीं पीक उत्तम दिसतें म्हणूनहि नाहीं. अशा निवडीस यदृच्छा-निवड म्हणतात. बिहार व ओरिसा प्रांतांत जॉन हबॅक या मुलकी अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या काळांत भातावर असा प्रयोग केला होता. कपाशीची गोष्ट अधिक कठीण. भात एकदांच कापला जातो. पऱ्हाटीची वेचणी हंगामांत अनेकदां होते. म्हणून तुकड्याच्या खुणा शेवटपर्यंत जपून प्रत्येक वेचणीचा कापूस निराळा तोलावा लागे. एक वेचणी हुकली कीं तो तुकडा फुकट गेला. अकोल्यास ही पद्धति व्यवहारांत उतरूं शकते असें दिसल्यावर ती वऱ्हाडच्या इतर भागांत व पुढें अन्य कापूस-प्रांतांत गेली.

याच सुमारास सुखात्मे हे दिल्लीहून गहूं व भात या अन्नधान्यांसाठीं हीच पद्धति देशभर रुजवीत होते. १९४३ सालीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडून लक्षावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. देशांत धान्य किती आहे, याचा भरंवशाचा आंकडा नसणें ही केवळ कचेरीची उणीव नसून तें प्राणसंकट आहे, हें त्या वर्षानें सर्वांस शिकविलें. गव्हासाठीं सुखात्मे यांच्या परिषदेनें ३३ फूट लांब व १६½ फूट रुंद असा तुकडा, म्हणजे एकराचा ऐंशींवा भाग, प्रमाण मानला. तुकडा निवडावयाचा, दोरी लावून आंखावयाचा, त्यांतील पीक कापून, मळून, धान्य तोलावयाचें. हें काम त्यांनीं नवे पगारी लोक न नेमतां शेतकी व महसूल खात्यांच्या नेहमींच्या नोकरांकडूनच करविलें, म्हणून तें गरीब देशास परवडलें.

येथें एका मोठ्या वादाचा उल्लेख केला पाहिजे. बंगालमध्यें प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं अशाच पाहण्या आरंभिल्या होत्या, व ते अगदीं लहान तुकडे पसंत करीत. लहान तुकडा लवकर कापून होतो, म्हणून तितक्याच खर्चांत पुष्कळ तुकडे घेतां येतात, हा त्यांचा युक्तिवाद सबळ होता. महालनोबीस यांची कीर्ति तेव्हां सर्वत्र पसरली होती. सुखात्मे वयानें बरेच धाकटे. तरीहि त्यांनीं आदरास बाध न आणतां प्रत्यक्ष प्रयोगाचा मार्ग धरला. संयुक्त प्रांतांतील मुरादाबाद जिल्ह्यांत गव्हाच्या त्याच शेतांतून लहानमोठे तुकडे कापून त्यांनीं तुलना केली. तेव्हां दोन फूट त्रिज्येच्या चिमुकल्या वर्तुळांवरून काढलेलें पीक पाटबंधाऱ्याच्या शेतांत खऱ्यापेक्षां शेंकडा चाळिसाच्या आसपास अधिक भरलें! कारण साधें होतें. सीमेवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा संशय येतांच कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो.

विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें १२½ चौरस फूट, आणि परीघहि सुमारें १२½ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागें एक फूट सीमा. ३३ × १६½ फुटांच्या तुकड्याचें क्षेत्रफळ ५४४½ चौरस फूट, व सीमा ९९ फूट. म्हणजे दर चौरस फुटामागें एक-पंचमांश फुटाहूनहि कमी. सीमा जितकी अधिक, तितकी संशयास जागा अधिक. अशा लहान तुकड्यांची संख्या हजारपट केली तरी ही चूक नाहींशी होत नाहीं. कारण ती एकाच बाजूस झुकणारी आहे. वांकड्या तागडीवर हजार वेळां तोलल्यानें वजन खरें होत नाहीं, हा या वादाचा मथितार्थ होय. १९४६ मध्यें सुखात्मे यांनीं आपला निष्कर्ष विलायतेंतील प्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकांत मांडला.

१९४७ सालीं कृषि-संख्याशास्त्राची भारतीय परिषद स्थापन झाली. राजेंद्रप्रसाद हे तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि संस्थेचा भार सुखात्मे यांनीं वाहिला. दिल्लीस त्यांनीं लहानशा शाखेपासून मोठें शिक्षणकेंद्र उभें केलें व प्रांतोप्रांतीचे तरुण तेथें तयार झाले. पुढें ते परदेशीं गेल्यावर त्यांची जागा अकोल्याच्या प्रयोगाचे सूत्रधार पानसे यांनीं घेतली. पानसे व सुखात्मे या दोघांनीं मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेलें संख्याशास्त्राचें पुस्तक १९५४ मध्यें निघालें आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलें गेलें. त्याच वर्षीं नमुना-पाहणीच्या सिद्धान्तावरील सुखात्मे यांचा स्वतंत्र ग्रंथहि प्रकाशित झाला. अमरावतीचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख हे १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रांत कृषिमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १९५९ मध्यें, या केंद्रास कृषि-संशोधन-संख्याशास्त्र संस्था असें नांव प्राप्त झालें.

१९५१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें सुखात्मे यांस आपल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रोम येथें बोलाविलें. तेथें जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : जगांत उपाशी माणसें किती? संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉयड ऑर यांनीं दोन-तृतीयांश मानवजात उपाशी असल्याचें सांगितलें होतें. आंकडा हृदय हेलावणारा होता. पण तो मोजून काढलेला नव्हता. देशादेशांच्या सरासरी अन्नपुरवठ्यावरून उपाशी लोक मोजतां येत नाहींत, हें सुखात्मे यांनीं दाखविलें.

सरासरीचा हा कपटी स्वभाव एका काल्पनिक उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पांच घरांत माणशीं रोज अनुक्रमें ८००, ७००, ४००, ३०० व ३०० ग्रॅम ज्वारी लागते. बेरीज २५००, सरासरी ५००. गरज ४०० ग्रॅमची असेल, तर सरासरी सांगते कीं सर्वत्र आबादीआबाद आहे. प्रत्यक्षांत पांचांपैकीं दोन घरें अर्धपोटीं निजतात! म्हणून सरासरीबरोबर ती भोंवतालीं किती पसरलेली आहे, हेंहि पाहावें लागतें. हा विचार लावून १९६१ मध्यें सुखात्मे यांनीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें आपला निबंध मांडला. जगांतील शेंकडा दहा ते पंधरा लोकांस पोटभर अन्न मिळत नाहीं, आणि निकस अन्नामुळें होणारें कुपोषण जमेस धरलें तर निम्म्यापर्यंत लोक त्रस्त आहेत, असा त्यांचा अंदाज होता. उपाशी व कुपोषित यांचा भेद यामुळें स्पष्ट झाला. १९६३ सालीं त्या सोसायटीनें त्यांना गाय पदकानें गौरविलें.

१९७१ मध्यें भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्या सुमारास ते पुण्यास परतले. परंतु विश्रांति त्यांच्या प्रकृतीस मानवणारी नव्हती. त्याच वर्षीं वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं माणशीं रोज २२५० उष्मांकांचा आहार ही दारिद्र्याची कसोटी धरून देशांतील गरिबांची गणना केली. सुखात्मे यांनीं हरकत घेतली. निरोगी मनुष्याचें खाणें आठवड्या-आठवड्यास कमीजास्त होतें व शरीर तें सांवरून घेतें, असें त्यांचें म्हणणें होतें. सरासरी गरजेखालीं असलेला प्रत्येक जण उपाशी धरला, तर धडधाकट माणसांपैकींहि निम्मे उपाशी ठरतील! उलट बाजूनें दांडेकर यांनीं विचारलें कीं ही सवलत घेतली तर खरेखुरे गरीब हिशेबांतून निसटणार नाहींत काय? वर्षानुवर्षें हा वाद चालला, आणि शरीर स्वतःला किती सांवरूं शकतें या सुखात्मे यांच्या सिद्धान्तावर अनेक आहारतज्ज्ञांनीं आक्षेप घेतले. दोघेहि सातारा जिल्ह्याचे, दोघेहि गरिबांचे कैवारी. पोट भरूनहि मूल कृश राहतें त्याचें एक कारण घाणेरडें पाणी व त्यामुळें होणारे आजार हें आहे, म्हणून अन्नाइतकीच स्वच्छतेची काळजी घ्या, असा आग्रह सुखात्मे यांनीं उतारवयांत धरला. १९९७ सालीं त्यांचें देहावसान झालें. पुढें केंद्र सरकारनें संख्याशास्त्रज्ञांसाठीं त्यांच्या नांवें राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

सुखात्मे गेले, त्यांची मोजणी मात्र शेताच्या बांधावर उभी आहे. २०१६ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंतहि नुकसानीचा हिशेब करतांना पीककापणी प्रयोगांचा आधार घेण्यांत आला. आपल्या गांवांत तो तुकडा आंखला जाईल तेव्हां पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं जवळ उभें राहून पाहावें. तुकडा खरोखर यदृच्छेनें निवडला काय, दोरी ताठ होती काय, सीमेवरचें रोप कोणत्या बाजूस गेलें, हें पाहण्यास पदवी लागत नाहीं. आणि गांवाला मिळणारी भरपाई त्यावरहि अवलंबून असते.

दुकानदार, शेतकरी व गृहिणी यांनाहि या चरित्रांतून व्यवहाराचे तीन धडे घेतां येतील. सोयीचा नमुना घेऊं नये : दिवाळीच्या आठवड्यांतील विक्रीवरून वर्षाचा माल भरणारा दुकानदार फसतो. नमुना पुरेसा असावा, पण त्यासाठीं सारें पोतें ओतण्याची जरूर नसते. नमुना चौपट केला तर संभाव्य चूक निम्मी होते, याहून अधिक लाभ होत नाहीं. आणि सरासरी ऐकली कीं तिच्याखालीं कोण दबलें आहे, हें विचारावें. एका पावसाळ्याची सरासरी उत्तम दिसते, पण सारा पाऊस दोन दिवसांत कोसळला असेल तर पऱ्हाटी वाळूनच जाते.

मित्रहो, गणिताच्या तासाला अपूर्णांक व शेंकडेवारी सोडवितांना हें सर्व कशासाठीं, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. बुध गांवच्या एका मुलानें त्याच अंकांच्या बळावर जगाच्या भुकेचें माप घेतलें. मोठ्यांच्या मतापुढें तो उद्धट झाला नाहीं, पण मुकाट्यानें मानहि तुकविली नाहीं; त्यानें शेतांत जाऊन मोजलें. आंकडा आपल्या मताविरुद्ध निघाला तरी तो जसाचा तसा लिहिणें, हें धैर्य पाटीवरच्या पहिल्या उदाहरणापासूनच अंगीं बाणवितां येतें. तें ज्यानें बाणविलें, त्याच्या हातीं शीत द्यावें. भाताची परीक्षा तो खरी करील.